सप्टेंबरात काय बदललं

साकाता
२२ ऑक्टोबर

प्रिय मित्सुए,

सप्रेम नमस्कार. बंदरावरचा वारा फिरला आहे आणि सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबू लागलं आहे. तिकडे कामिनोयामाला डोंगर जवळ, म्हणजे थंडी आणखी. तुझा गुडघा फार कुरकुरत नसेल अशी आशा आहे. माझं उत्तम चाललं आहे.

फोनवर मी गप्प बसतो आणि तू पलीकडून "अहो, आहात का?" विचारत राहतेस. परवा वैतागून म्हणालीस, "त्यापेक्षा लिहा. लिहिताना तरी काही सुचतंय का बघा." म्हणून हे पत्र. पेन शोधण्यात बरीच सकाळ गेली. या घरात वस्तू कुठे असतात ते मला नव्यानेच कळतं आहे.

तुझ्या आईंच्या निधनानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी नीट पार पडले, बरं वाटलं. भिक्षूंचं पठण संपेना आणि माझ्या पायांना मुंग्या आल्या. तुझे दादा कानात म्हणाले, "पाहुणे, आता उठा, नाहीतर तुमचेही विधी इथेच उरकू." चारचौघांत हसू दाबताना माझी पंचाईत झाली. माणूस चांगला आहे. आईंच्या घराच्या छपराची जड बर्फ साचायच्या आत डागडुजी करायची की नाही, हे त्यांना ठरवायचं आहे आणि ते तुझ्यावर अवलंबून आहे, हे माझ्या लक्षात आहे. तू तिथेच राहणार असलीस तर छप्पर, नाहीतर घर बंद. नववर्षाच्या आत त्यांना सांगायचं आहे.

आणि स्टेशनवर गाडी सुटताना तू जे विचारलंस, तेही लक्षात आहे. "मी परत यावं असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर का?" पहिल्या प्रश्नाला मी होकाराची मान हलवली होती. ती तू पाहिलीस की नाही माहीत नाही, दार बंद होत होतं. दुसऱ्या प्रश्नावर विचार चालू आहे. पण सध्या डोकं मशीनमध्ये अडकलं आहे. ते मार्गी लागलं की उत्तर देतो.

हो, मशीन. तुझी सवत. तिचं पुन्हा बिनसलं आहे.

तू कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगतो. मी जी युनिक्स प्रणाली चालवतो ती बाजारातून डब्यात भरून आलेली नसते. जगभरची माणसं रोज तिच्यात काही ना काही बदलत असतात. आमच्यासारखे खुळे ती कच्ची आवृत्ती आपापल्या जुन्या मशीनवर चढवतात आणि काय मोडलं ते कळवतात. सून स्वयंपाक करत असताना मध्येच चव घेऊन मीठ कमी सांगणाऱ्या सासूचं काम म्हण. आमच्या मशीनची जात आता देशात फार थोड्या घरांत उरली आहे, त्यामुळे आमच्यासारख्या सासवांना थोडा भाव आहे.

तर सप्टेंबरपासून असं होतं. सकाळी मी बटण दाबतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, आपल्या अंगात काय काय आहे ते मशीन स्क्रीनवर एकेक करून सांगतं आणि मध्येच थांबतं. चूक सांगत नाही, तक्रार करत नाही. नुसतं थांबतं. कधी दुपारपर्यंत तसंच. त्याच आठवड्यात मी नवी आवृत्ती चढवली होती, म्हणजे दोष तिचा असणार. पण आधी हार्डवेअरची शंका फेडावी म्हणून झाकण उघडलं. या जुन्या मशीनमधले कपॅसिटर गळू लागले की माशासारखा वास येतो, आणि वास येत होता. चार दिवस डाग देत बसलो, सगळे कपॅसिटर बदलले. वास तसाच. मग कळलं, तो फ्रिजमधल्या बांगड्याचा होता. ऑगस्टमध्ये तू आणून ठेवलेला.

बांगडा टाकून दिला. मशीन अजून थांबतं.

काळजी घे. दादांना नमस्कार.

यासुहिदे कानामोरी


साकाता
१० नोव्हेंबर

प्रिय मित्सुए,

सप्रेम नमस्कार. तुमच्याकडे आता ओसरीभर सोललेली पर्सिमनं वाळत टांगली असतील. यंदा आईंच्या वाट्याची सोलणीही तुलाच करावी लागली असेल. हाताला डाग पडतात, मोजे घाल.

नदीकाठी अरवीच्या रश्शाची पंगत झाली. मी गेलो होतो. डुकराचं मांस आणि मिसो घातलेला आमचा समुद्राकडचा खरा रस्सा. तू असतीस तर "हे काय, मिसोचं सूप वाढून ठेवलंय!" म्हणून नाक मुरडलं असतंस आणि बीफ घातलेल्या तुमच्या गोड काढ्याचं कौतुक सांगितलं असतंस. यंदा कुणीच वाद घातला नाही, आणि रस्सा लवकर संपला. शेजारी बसलेल्या आपल्या तोगाशीने विचारलं, "वहिनी कधी येणार?" मी सांगितलं, तिकडे छपराचं काम निघालं आहे. तो "अस्सं" म्हणाला आणि स्वतःच्या वाडग्यातली अरवी माझ्या वाडग्यात टाकली. मला त्याचा राग आला.

मशीनचं सांगतो. हार्डवेअरवरची शंका मी बाजूला ठेवली आणि आमचा जुना उपाय काढला, निम्मं करत जाण्याचा. उन्हाळ्यातली आवृत्ती चांगली चालत होती, आताची थांबते. मग दोन्हींच्या मधली घ्यायची, चढवायची आणि पाहायची. ती थांबली तर दोष आधीच्या अर्ध्यात, चालली तर नंतरच्या अर्ध्यात. परत त्या अर्ध्याचं अर्धं. असं करत शेवटी एका माणसाने एका दिवशी केलेला एकच बदल हातात येतो, आणि मग त्याला खरमरीत पत्र लिहिण्याचं सुख मिळतं. बाकीचे लोक वेगवान मशीनवर हे चुटकीसरशी तयार करतात. मी या म्हाताऱ्या मशीनचं काम त्याच म्हाताऱ्यावर करतो, त्यामुळे एकेका निम्म्याला दिवस आणि रात्र लागते. तोगाशी म्हणतो हा गाढवपणा आहे. असेल. मला हल्ली वेळ घालवणाऱ्या गोष्टी बऱ्या वाटतात.

निम्मं करत करत मी मागे मागे गेलो. सगळ्या आवृत्त्या थांबतात. शेवटी जी उन्हाळाभर रोज सकाळी बिनतक्रार चालली, अगदी तीच जशीच्या तशी पुन्हा चढवली. तीही थांबली!

मित्सुए, तुला यातलं भय कदाचित कळणार नाही. जे चालत होतं तेच आता चालत नाही, आणि त्यात काहीही बदललेलं नाही. मेमरी बदलली, केबल बदलल्या, तोगाशीकडून डिस्क आणून लावली. आमच्या खुळ्यांच्या गटाला कळवलं. सगळ्यांची ठरलेली उत्तरं आली, "आमच्याकडे चालतं." हे वाक्य आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो आहोत. ते इतकं दुष्ट आहे, हे मला आत्ता कळलं.

तोगाशी स्वतः बघायला आला. खुर्चीत बसला, मशीन थांबलं तसा वैतागून कीबोर्डवर बोटं बडवायला लागला, "चल रे म्हाताऱ्या, चल!" आणि ते चाललं. मला म्हणतो, "तुझं मशीन तुझ्यावरच गेलंय. कोणी आलं की बोलतं, एरवी तोंड शिवलेलं." दुसऱ्या सकाळी मी एकटा होतो आणि ते पुन्हा थांबलं.

क्योतोचे वाकिसाका म्हणून एक आहेत, या प्रणालीच्या गाभ्यात बदल करण्याचा अधिकार असलेले. वयाने माझ्या निम्मे, पण उगाच हुशारी दाखवत नाहीत. त्यांनी लिहिलं, "कानामोरीसान, तीच आवृत्ती, तेच मशीन. मग सप्टेंबरात तुमच्याकडे काय बदललं?"

मी लिहिलं, "काहीच नाही."

ते पाठवल्यावर मला दिवसभर जेवण गेलं नाही. आजारी वगैरे नाही, काळजी करू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून तयार नाही.

यासुहिदे कानामोरी


साकाता
२९ नोव्हेंबर

मित्सुए,

सापडलं! हवापाण्याचं पुढे लिहितो, आधी हे ऐक.

वाकिसाकांनी सांगितलं की कीबोर्डला अजिबात हात लावू नका. मशीनच्या पाठीमागे केबल जोडा, दुसऱ्या मशीनवर बसा आणि तिथून त्याला विचारा, तू कशासाठी थांबला आहेस? मी तसं केलं. म्हातारा थांबलेला, आणि मी जेवणघरातून त्याला विचारतोय. जहाजांच्या रेडिओवर आयुष्य काढलं, पण एवढ्या धाकधुकीने मी कुठल्या जहाजाला हाक मारली नव्हती. उत्तर आलं. तो वाट पाहत होता.

कशाची, ते तुला समजेल असं सांगतो. सुरू होताना मशीनला गुप्त किल्ल्या बनवाव्या लागतात, आणि त्या कुणाला ओळखता येऊ नयेत म्हणून त्याला थोडी अनिश्चितता लागते, म्हणजे आधी सांगता येणार नाही असं काहीतरी. मशीन स्वतः घड्याळासारखं नेमाने चालतं, त्याच्याकडे ते नसतं. नव्या मशीनच्या पोटात त्यासाठी वेगळा भाग असतो, आमच्या म्हाताऱ्यात नाही. मग तो कुठून मिळवणार? माणसाच्या हातातून. दोन कळा दाबण्यामधलं अंतर कुणालाही आधी सांगता येत नाही. तेवढं त्याला पुरतं. पूर्वी प्रणाली त्याशिवायही पुढे जायची. दोन वर्षांपूर्वी नियम कडक झाला. पुरेसं मिळेपर्यंत थांबायचं.

वाकिसाकांनी विचारलं, "पण मग दोन वर्षं तुमचं मशीन कसं चाललं? सुरू होताना कोणी कीबोर्डला हात लावायचं का?"

मी लिहायला घेतलं की कुणीच नाही, मी तर बटण दाबून तोंड धुवायला जायचो. आणि तसाच हात थांबला.

अगं, तू! मी तोंड धुवायला गेलो की तू फडकं घेऊन त्या खोलीत शिरायचीस. टेबल, खिडकी, आणि मग कीबोर्ड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी न्हाणीघरातून ओरडायचो, "कळा दाबू नकोस गं, बिघडेल!" आणि तू म्हणायचीस, "धूळ दिसत नाही का तुम्हाला?" ओरडूनसुद्धा एकही दिवस तू ऐकलं नाहीस. मी तोंड पुसत येईपर्यंत मशीन चालू झालेलं असायचं, आणि मी समजायचो की मी लावलेलं सगळं कसं चोख चालतं!

म्हणजे दोन वर्षं ते तूच चालवत होतीस. मी वाकिसाकांना लिहिलं, "सप्टेंबरात बदल झाला आहे. माझी पत्नी घरी नाही." त्यांचं लगेच उत्तर आलं, "कळलं. अहवालात असं लिहिता येणार नाही, पण कळलं."

तोगाशीला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला खोकला आला. म्हणाला, "वहिनींचं नाव आभारात घाल!"

तर मित्सुए, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी परत यावं असं का वाटतं, विचारलं होतंस ना? हे बघ, तुझ्यावाचून इथे काय काय अडतं ते. मशीनसुद्धा अडतं! मी फार खुशीत आहे. पहिला बर्फ पडून गेला. दादांना सांग, छपराची घाई करू नका.

यासुहिदे


साकाता
२१ डिसेंबर

प्रिय मित्सुए,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ होती. "म्हणजे तुम्हाला फडकं मारणारी हवी आहे, ती बाजारात मिळते."

आधी मला राग आला. एवढं शोधून काढलं, एवढ्या आनंदाने लिहिलं, आणि ही बाई टोमणे मारते. तोगाशीला कार्ड दाखवलं, वाटलं तो माझी बाजू घेईल. त्याने वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, "तू तिला काय लिहिलं होतंस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "शाबास! चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला कळवलंस की ती एक चांगला सुटा भाग आहे." आणि चहा न घेता गेला.

दोन आठवडे मी तुला लिहिलं नाही. रागाने नाही. लिहायला बसलो की तेच वाक्य यायचं, तुझ्यावाचून अमुक अडतं, तमुक अडतं. ते खोडलं की खाली काही उरायचं नाही.

त्या दिवसांत मी काय करत होतो ते सांगतो, हसू नकोस. सकाळी बटण दाबायचो आणि तोंड धुवायला न जाता फडकं घेऊन उभा राहायचो. या टोकापासून त्या टोकापर्यंत कीबोर्ड पुसायचो. म्हातारा चालू व्हायचा. पण मी तसाच उभा राहायचो, ओलं फडकं हातात धरून. वाकिसाकांनी उपाय कधीच पाठवला होता. मशीन बंद करताना थोडी अनिश्चितता डिस्कवर साठवून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यावर काम सुरू होतं, कुणाच्या हाताची गरज पडत नाही. दहा मिनिटांचं काम. मी ते करत नव्हतो. ते रोज विचारायचे, "लावलं का?" आणि मी कळवायचो, सवडीने लावतो. मला सवडच सवड आहे, हे त्यांनाही माहीत आहे. मला वाटायचं, हे दुरुस्त केलं तर तुला बोलावण्याचं माझ्याकडचं एकमेव कारण संपेल.

आणि मग एका सकाळी हे वाक्य मी मनातल्या मनात नीट ऐकलं, आणि मला माझीच लाज वाटली. तुझं कार्ड तेव्हा समजलं.

त्याच दिवशी उपाय लावला. मशीन बंद केलं, चालू केलं, आणि मुद्दाम घराबाहेर जाऊन बर्फ काढत बसलो. परत आलो तर म्हातारा चालू होता. वाकिसाकांना कळवलं की दोष निस्तरला. त्यांनी तो मार्गदर्शनात घातला, पुढे अशा जुन्या मशीनवर कुणी अडकू नये म्हणून. गटातल्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला काहीच वाटलं नाही.

मग मी बाकीचं घरही तसंच तपासायला घेतलं. भात मला जमतो. मिसोचं सूप थोडं खारट होतं, पण पिता येतं. कपडे धुतो आणि वाळल्यावर घड्याही घालतो. औषधं वेळेवर घेतो. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते शेजारच्या बाईंनी दारावर चिकटवून दिलं आहे, आता न बघता येतं. फ्यूज, गॅस, पाण्याचा नळ गोठू नये म्हणून रात्री थेंब थेंब सोडून ठेवणं, सगळं होतं.

म्हणजे मला तुझी मदत नको आहे. आणि आता माझ्याकडे तुला द्यायला कारण म्हणून काहीच नाही.

खरं ते लिहितो. मला फार एकटं वाटतं. गटात रोज वीस माणसांशी बोलतो, तोगाशी येतो, शेजारी विचारपूस करतात, आणि ते एकटेपण कुणाच्या येण्याने जात नाही. ते माणसांच्या नसण्याचं नाही, तुझ्या नसण्याचं आहे. तू इथे काहीही केलं नाहीस, दिवसभर दुलई पांघरून टीव्ही बघत आणि माझ्या रश्शाला नावं ठेवत बसलीस, तरी मला चालेल. चालेल कसलं, मला तेच हवं आहे.

तिथलं छप्पर दुरुस्त करून घ्या, असं मी दादांना आजच कळवलं आहे. तू राहिलीस तर डोक्यावर नीट छप्पर हवं, आणि नाही राहिलीस तरी आईंचं घर गळू नये. तेव्हा त्याचा विचार तुझ्या निर्णयात नको.

या घरात आता तुझ्यावाचून काहीही अडत नाही, मित्सुए. तरी ये.

तुझा,
यासुहिदे